जादा वेळ मागू की नको?

प्रश्न : मी गावाकडची, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. डिस्लेक्सियामुळे पेपर अर्धवट राहतो. जादा वेळ मागितला तर मैत्रिणी काय म्हणतील? हल्ली झोपही लागत नाही.

उत्तर : अगं, मैत्रिणींचं नंतर बघू; आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक असेल, तर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला पुरा एक तास! अर्ज समान संधी कक्षात आत्ताच दे आणि पोच घे. तोंडी ‘हो’ला परीक्षा विभागात किंमत नसते. झोपेचं मात्र पेपरवर ढकलू नकोस, समुपदेशकांना भेट. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, मराठीतही बोलतात.