मानेतील गाठ आणि खांद्याची नस

मानेला गाठ आली की वस्तीत दोन सल्ले मिळतात: लेप लावा, नाहीतर कापून टाका. त्याआधी मान आतून कशी असते, ते समजून घेऊ.

बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारा धागा. मेंदूच्या नसांच्या १२ जोड्या आहेत. त्यांतली ११वी मानेच्या बाजूने खांद्याकडे जाते. तिथे ती कातडीखाली फार खोल नसते आणि गाठी होतात त्या लसिका ग्रंथी तिला लागूनच असतात. खांदा उचलणारा स्नायू तीच चालवते.

पुस्तकातल्या चित्रात तिची वाट एकच दिसते. माणसांत तसे नसते. कुणात ती मानेचा मोठा स्नायू भेदून जाते, कुणात त्याच्या मागून. कुणात मोठ्या शिरेच्या पुढून, कुणात मागून. हा आजार नाही. चेहरे वेगळे, तशा आतल्या वाटाही वेगळ्या. म्हणूनच अंदाजाने चाकू लावणे धोक्याचे.

आम्ही परिचारिका असताना धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आल्या. मानेची गाठ कुठेतरी काढून घेतली होती. जखम भरली, पण हात वर जाईना, केस विंचरता येईनात. अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी आठ महिने अंगावर काढले. नस दुखावली होती. लवकर आल्या असत्या, तर उपायांना जास्त वाव होता.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ससूनमध्ये दाखवा. सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर थांबूच नका.

२. आधी सुईने नमुना घेऊन तपासणी होऊ द्या. आपल्याकडे अशा गाठींमागे अनेकदा टीबी असतो. तो बहुतेक वेळा गोळ्यांनीच बरा होतो. सरकारी औषध मोफत आहे, साधारण ६ महिने घ्यावे लागते. नोंदणी झाल्यावर निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात.

३. गाठ कापावीच लागली, तर डॉक्टरांना विचारा, "खांद्याच्या नसेला धोका आहे का?" संमतीपत्र वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका.

४. टाके निघाल्यावर हात बाजूने डोक्यापर्यंत उचलून पाहा. खांदा झुकला किंवा हात अडला, तर लगेच परत जा.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. तो आपला हक्क आहे.