भुंकणं म्हणजे माज नव्हे

प्रश्न : आमची दत्तक घेतलेली चिंगी घरात अगदी गरीब गाय. पण राउंडहे पार्कमध्ये दुसरा कुत्रा दिसला की पट्टा ताणून भुंकत सुटते. ओळखीचे लोक शॉक कॉलर घ्या म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : नको. चिंगी माजलेली नाही, बहुधा घाबरलेली आहे. पट्ट्यामुळे पळता येत नाही, म्हणून ती भुंकून ‘लांब राहा’ सांगते. त्याच क्षणी झटका बसला, तर कुत्रा दिसणं आणि वेदना यांची गाठ पक्की होईल. वेल्समध्ये अशा कॉलरवर २०१० पासून बंदी आहे.

आधी पशुवैद्यांना दाखवा. दुखण्यानेही चिडचिड वाढते. मग अंतर सांभाळा. ती कुत्रा पाहूनही शांत राहील इतक्या लांब थांबा. कुत्रा दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या (मसाला, कांदा-लसूण नको). अंतर हळूहळू, काही आठवड्यांत कमी करा. कालव्याकाठची अरुंद वाट तूर्त टाळा, गर्दी नसलेल्या वेळी फिरा. गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरा. चावण्याची शक्यता वाटली, तर जाळीच्या मुसक्याची सवय खाऊ देत लावा. चावेल अशी रास्त भीती कुणाला वाटली, तरी इथल्या कायद्याने मालक अडचणीत येऊ शकतो.

डॉग्ज ट्रस्ट ही संस्था फोनवर मोफत सल्ला देते. एखाद्या दिवशी चिंगी पुन्हा भुंकली, तर खचू नका. दुसऱ्या दिवशी थोडं लांबून सुरुवात करा.