शालेय शीलशिक्षण आणि श्रेष्ठांचे उत्तरदायित्व

(गीता, अध्याय ३, श्लोक २० ते २६ यांच्या आधारे)

शाळांतून शीलशिक्षण द्यावे, याविषयी आपल्या देशात सहसा दुमत नसते. वाद असतो तो कोणत्या ग्रंथातून द्यावे याचा. १९५९ साली श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक व नैतिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानेही या विषयाचा परामर्श घेतला. जी शाळा सर्वस्वी सरकारी द्रव्यावर चालते तेथे धर्मोपदेश देण्यास राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने मनाई आहे. परंतु निरनिराळ्या धर्मांतील मूल्यांचा परिचय करून देणे म्हणजे धर्मोपदेश नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. ग्रंथाचा प्रश्न असा मार्गी लागला, तरी मूळ प्रश्न उरतोच. मूल शील घेते ते कोणापासून?

याचे उत्तर तिसऱ्या अध्यायातील २१ व्या श्लोकात आहे. श्रेष्ठाचे आचरण पाहून इतर लोक वागतात आणि त्याने मानलेले प्रमाण तेच आपले प्रमाण करतात, असा त्याचा आशय आहे. हा श्लोक पुष्कळदा उपदेश म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यातील एकही क्रियापद आज्ञार्थी वा विध्यर्थी नाही. सर्व वर्तमानकाळी आहेत. भगवंत येथे आज्ञा करीत नाहीत, जगाचा नियम सांगत आहेत. शिवाय ‘यद्यद्’ अशी द्विरुक्ती आहे. श्रेष्ठाचे बरे तेवढे उचलावे आणि वाईट सोडावे, अशी निवड सामान्य मनुष्य करीत नाही. जे जे दिसेल ते ते तो घेतो. तात्पर्य, शीलशिक्षण द्यावे की न द्यावे, हे मुख्याध्यापकाच्या इच्छेवर अवलंबून नाही. ते तो प्रत्यही देतच असतो. कोणते देतो, एवढाच प्रश्न आहे.

एक नित्याचे उदाहरण घेऊ. सकाळी प्रार्थनेनंतर फळ्यावर सत्याची महती सांगणारा सुविचार लिहिला जातो. दुपारी तपासणीस अधिकारी यावयाचे असतात. तेव्हा शिक्षक वर्गावर येऊन सांगतात, ‘‘साहेबांनी विचारले तर रोज जेवण मिळते असेच सांगा.’’ गैरहजर मुलांच्या नावांपुढे हजेरी लागते आणि जेवणाऱ्यांची संख्या वाढते. मुले हे सारे पाहतात. त्या दिवशी त्यांनी दोन पाठ घेतले. त्यांपैकी फळ्यावरचा संध्याकाळी पुसला गेला, दुसरा जन्मभर राहिला. सत्य बोलण्यासाठी असते आणि चालविण्यासाठी वेगळे काही असते, हा तो दुसरा पाठ.

यास्काचार्यांनी ‘आचार्य’ शब्दाच्या ज्या व्युत्पत्ती दिल्या आहेत, त्यांत आचार ग्रहण करवितो तो आचार्य, ही पहिली आहे. अर्थांचा संचय आणि बुद्धीची वाढ या गोष्टी तिच्यामागून येतात. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत तर गुरू निरोपाच्या वेळी शिष्याला सांगतात की, आमच्या आचरणांपैकी जी चांगली असतील तीच तू घे, इतर घेऊ नकोस. आपले वर्तन पारखण्याचा अधिकार गुरूंनी स्वतःच शिष्याच्या हाती दिला. उत्तरदायित्वाचे याहून उघड रूप कोणते?

भगवंतांनी स्वतःलाही यातून वगळलेले नाही. २२ ते २४ या श्लोकांत ते म्हणतात की, मला तिन्ही लोकांत मिळवावयाचे असे काही नाही, तरी मी कर्म करतो. न करीन तर लोक नष्ट होतील आणि त्या अनर्थाचा कर्ता मी ठरेन. दोष अनुसरणाऱ्यांवर ढकललेला नाही, तो स्वतःवर घेतला आहे. हाच न्याय पदाधिकाऱ्यास लागतो. आणि मुख्याध्यापकाचे पद वर्षानुवर्षे रिक्त ठेवणारे वरिष्ठही त्याच्या कक्षेबाहेर नाहीत.

हा केवळ तत्त्वविचार नव्हे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथील प्राथमिक शाळेत कीटकनाशकाने दूषित झालेले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. २०१६ साली न्यायालयाने शाळेच्या प्रमुखास दोषी ठरविले. न्यायालय आपले काम करते, पण ते अनर्थानंतर. अनर्थापूर्वीचे काम आचाराचे आहे. मुलांना वाढण्यापूर्वी अन्न शिक्षकाने चाखावे, असा मध्यान्ह भोजनाचा दंडक आहे. घरात आपण मुलांना आधी वाढून मग जेवतो. येथे क्रम उलट आहे, कारण जे भय असेल ते मोठ्याने प्रथम आपल्यावर घ्यावयाचे आहे. हा घास रोज मुलांच्या देखत घेतला जाईल, तर शीलशिक्षणाचा निराळा तास नसला तरी चालेल.

आता गृहस्थाचा भाग. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमण्याची तरतूद केली. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद आईबाप वा पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. शाळेचे काम पाहणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कर्तव्ये होत. शिक्षकांनी वेळेवर व नियमित यावे आणि पालकांची सभा घ्यावी, हेही त्याच कायद्यात आहे. परंतु सभा न भरताच वहीवर सही करणारा पालक असेल, तर मुलाला तिसरा पाठ घरूनच मिळाला. ज्यांची मुले खासगी शाळेत जातात त्यांनीही हा विषय आपला नव्हे असे समजू नये. लोकसंग्रह म्हणजे केवळ आपल्या घराचा संग्रह नव्हे.

मात्र जाब विचारतानाही मर्यादा पाळावी. स्वतः नीट आचरण करीत इतरांकडून कर्म करवावे, त्यांची बुद्धी उगाच विचलित करू नये, असा २६ व्या श्लोकाचा भाव आहे. म्हणून मुलांसमोर शिक्षकाची निंदा करू नये. सभेत बसून, हजेरीपत्रक व हिशेब समोर ठेवून, सौम्य शब्दांत पण स्पष्ट विचारावे. असे विचारणारे आईबाप आणि न रागावता उत्तर देणारा मुख्याध्यापक मुलाने एकदा जरी पाहिले, तरी प्रमाण कशाला म्हणतात हे त्यास कळेल.

मननासाठी: माझ्या घरातील मूल आज माझे कोणते आचरण प्रमाण मानून गेले?