हीट पंप घ्यावा का? आधी बादल्या मोजा

गिझरच्या एक तृतीयांश विजेत पाणी तापवतो, असे हीट पंप विकणारे सांगतात. ते खरे आहे. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट करतो, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते, म्हणून एका युनिटात सुमारे तीन युनिटांची उष्णता मिळते. पण तुमचे पैसे वाचतील का, हे तुमच्या घरात गरम पाणी किती लागते यावरच ठरते.

हिशेब सोपा आहे. लिटरला जितके अंश तापवायचे त्याने गुणा, 860 ने भागा. आले ते युनिट. चौघांचे घर, प्रत्येकी 20 लिटरची बादली, 20 अंशांचे पाणी 40 वर न्यायचे: 1.86. गिझरच्या टाकीतून निसटणारी उष्णता धरून दिवसाला 2 युनिट म्हणू. हीट पंपाने त्यातले फार तर 1.33 वाचतील. वर्षातले आठ महिने गरम पाणी लागते असे धरले, तर 320 युनिट. युनिटला 12 रुपये लावले तरी वर्षाला 3,840 रुपये. हातात एक लाखाचे कोटेशन असेल तर ते फिटायला 26 वर्षे लागतील आणि यंत्र तितके टिकत नाही. अशा घराने हीट पंप घेऊ नये. चांगला पाच तारांकित गिझर पुरे.

आता सात-आठ माणसांचे घर घ्या. सगळे शॉवरखाली अंघोळ करतात, स्वयंपाकघरातही गरम पाणी लागते, रोजचे 300 लिटर. गिझरला साडेसात युनिट, हीट पंपाला अडीच. वर्षातले 300 दिवस धरले तर 1,500 युनिट वाचतात आणि 15 रुपये दराने 22,500 रुपये. सव्वा लाखाचे यंत्र साडेपाच वर्षांत फिटते. इथे घ्यावा, मी निःसंकोच म्हणेन. वसतिगृह, लॉज, रुग्णालय यांचे गणित तर याहून लवकर जमते.

दर 15 रुपये कसा, असे विचाराल. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: 100, 300, 500 युनिटांच्या पुढे. वाचणारे युनिट नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातले असते. म्हणून बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी काढू नका. शेवटच्या टप्प्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि वर 16 टक्के वीज शुल्क.

गच्ची स्वतःची असेल तर मात्र थांबा. ऊन भरपूर पडत असेल, तर सौर बंब बराच कमी पैशांत तेच काम करतो. अडचण फक्त पावसाळ्यातली. विजेचे बिलच मोठे असेल, तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या छतावरील सौर संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. तो संच दिवसाला साधारण 12 युनिट देतो, नुसत्या अंघोळीच्या पाण्यापुरता राहत नाही. लाखभर रुपये एकाच ठिकाणी घालायचे असतील तर मी आधी तिथे घालेन. हीट पंप खरा उपयोगी पडतो तो गच्चीवर हक्क नसलेल्या, पण माणसे भरपूर असलेल्या घराला.

जागा नीट पाहा. 200 लिटरची भरलेली टाकी यंत्रासकट पाव टनाच्या घरात जाते. गॅलरीच्या स्लॅबबद्दल इंजिनिअरला आणि सोसायटीला विचारल्याशिवाय ती ठेवू नका. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी. बंद डक्टमध्ये ते स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढते आणि बचत घटते. पाणी तापायला तासन्‌तास लागतात. म्हणून दुपारी, हवा उबदार असताना टाकी तापवून ठेवावी. पहाटेच्या थंडीत यंत्राला जास्त वीज लागते.

बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर क्षार साचतात, टाकीला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोड रॉड झिजतो. तो दरवर्षी तपासायला कोण येणार, किती घेणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. सीओपी (एका युनिटात किती युनिटांची उष्णता) 4 छापले असेल तर ते किती अंशांच्या हवेला आणि पाणी किती तापवून, हेही विचारा. आत विजेची कॉइल आहे का आणि ती आपोआप चालू होते का, तेही विचारा. कारण ती चालू असेल तेवढा वेळ तुम्ही लाखभर रुपयांचा गिझरच वापरत असता.