हुनर पुस्तकात, पुस्तक बाजारात : स्वतःचे ई-पुस्तक विक्रीस ठेवण्याची रीत

आपल्या समाजात हुनर आहे, पण हुनराची लेखी नोंद फारशी नाही. शेरवानी बेतणारा मास्टर, सतार बनविणारा उस्ताद, मोटार दुरुस्त करणारा मेकॅनिक किंवा लग्नाच्या देगा उतरविणारा बावर्ची यांच्याजवळ तीस-चाळीस वर्षांचे कसब असते. शागीर्द मिळाला तर ते पुढे जाते. न मिळाल्यास उस्तादाबरोबरच ते मातीत जाते. एखाद्याने मनावर घेऊन वही लिहून काढलीच, तर पुढचा प्रश्न पैशाचा येतो. पाचशे प्रती छापायच्या तर कागद, छपाई आणि बांधणीची रक्कम आधी मोजावी लागते. प्रती खपल्या नाहीत तर त्या पलंगाखाली पडून राहतात व वाळवीच्या कामी येतात.

ई-पुस्तकाने यातील छपाईच्या भांडवलाची अडचण दूर केली आहे. मोबाइल, संगणक किंवा वाचनयंत्रावर वाचायचे हे पुस्तक लेखक स्वतःच ऑनलाइन दुकानात ठेवू शकतो. अ‍ॅमेझॉनने २००७ साली किंडल हे वाचनयंत्र आणले, त्याबरोबर लेखकांना थेट पुस्तक ठेवण्याची सोयही दिली. आज ती किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, थोडक्यात केडीपी, या नावाने ओळखली जाते. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांची सोय झाली. गूगल प्ले बुक्स हे असेच दुसरे दुकान आहे. केडीपीवर खाते उघडण्यास किंवा पुस्तक ठेवण्यास फी नाही.

मात्र एक गोष्ट प्रथमच समजून घ्यावी. हे दुकानदार आहेत, प्रकाशक नाहीत. चुका दुरुस्त करणे, किंमत ठरविणे, करार वाचणे, हिशेब ठेवणे ही प्रकाशकाची सारी कामे आता लेखकाच्या अंगावर येतात. जो हे काम धंदा म्हणून करील त्याला फायदा होईल. नुसती हौस म्हणून करणाऱ्याची मेहनत वाया जाण्याचा संभव आहे.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका टेलर मास्टरने शेरवानी, कुर्ता व सलवार बेतण्याची वही तयार केली आहे. ती बाजारात जाईपर्यंतच्या पायऱ्या अशा :

१. पुस्तक कोणाचे, हे आधी ठरवा

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार स्वतः लिहिलेल्या पुस्तकाचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. हा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे मास्टरांचे पुस्तक त्यांच्या नातवंडांनाही चार पैसे देऊ शकते.

वही पूर्वी एखाद्या प्रकाशकाने छापली असेल तर जुना करारनामा शोधून वाचावा. हक्क दुसऱ्याला दिले असल्यास ते लेखी व सहीनिशी असावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. मुदत संपली नसेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. दुसऱ्याच्या पुस्तकातील आकृत्या किंवा इंटरनेटवरील फोटो उचलून घालू नयेत. आकृत्या स्वतः काढाव्यात अथवा मोबदला देऊन काढून घ्याव्यात आणि त्याची लेखी पावती जपून ठेवावी.

२. मजकूर युनिकोडमध्ये आणा

मराठी लेखकाची सर्वांत जास्त फसगत येथे होते. आपल्याकडील बरेच मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप झालेले असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तेथेच ती अक्षरे मराठी दिसतात, दुसरीकडे निरर्थक चिन्हे उमटतात. ई-पुस्तकाला युनिकोड मराठीच लागते. टायपिस्टकडे काम देतानाच ही अट घालावी.

जुनी फाइल असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून मिळते, पण बदलताना रफार, जोडाक्षरे आणि 'दुसऱ्या'तील 'ऱ्या' यांसारखी अक्षरे बिघडतात. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक तर हमखास पाहावेत. मुंढ्याच्या मापात अर्ध्या इंचाची चूक छापली गेली तर वाचणाऱ्याचे कापड वाया जाईल व नाव मास्टरांचे खराब होईल. म्हणून मुद्रितशोधन दोघांकडून करून घ्यावे. भाषा जाणणाऱ्याने शुद्धलेखन पाहावे आणि काम जाणणाऱ्या कारागिराने मापे पाहावीत.

३. फाइल तयार करा

वर्डमध्ये केलेली डॉक्स फाइल किंवा ई-पब फाइल केडीपीला चालते. मराठी पुस्तकाची पीडीएफ तेथे चालत नाही. गूगल प्ले बुक्स ई-पब व पीडीएफ दोन्ही घेते.

छापील पुस्तकाचे पान ठरलेले असते. ई-पुस्तकाचे पान वाचक अक्षर लहानमोठे करील त्याप्रमाणे बदलते. त्यामुळे 'पान ४५ वरील आकृती पाहा' असे लिहिण्यात अर्थ नाही. 'आकृती ७ पाहा' असे लिहावे. स्पेसबार दाबून जागा सोडू नये, नवे प्रकरण सुरू करताना 'पेज ब्रेक' द्यावा. प्रकरणाच्या नावांना वर्डमधील 'हेडिंग' शैली लावल्यास अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते. मापांचे रुंद कोष्टक मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही. त्याचे दोन-तीन लहान तुकडे करावेत.

मुखपृष्ठ वेगळे लागते. केडीपीने सुचविलेले माप २५६० पिक्सेल उंच व १६०० पिक्सेल रुंद असे आहे. दुकानात ते बोटाच्या नखाएवढे दिसते, म्हणून त्यावर नाव ठळक व चित्र एकच असावे.

४. खाते उघडा, पण स्वतःच्या नावाने

खात्यासाठी नाव, पत्ता, बँक खाते व करविषयक माहिती द्यावी लागते. केडीपीवर एका व्यक्तीला एकच खाते ठेवता येते. दुसरे उघडल्यास दोन्ही बंद होण्याचा धोका असतो.

आपल्याकडे संगणक येत नाही म्हणून भाच्याच्या किंवा पुतण्याच्या नावावर खाते काढण्याची प्रवृत्ती दिसते. मुलगा चांगला असेल, पण पैसे त्याच्या बँकेत जमा होतील, कर त्याच्या नावावर लागेल आणि उद्या घरात बेबनाव झाला तर पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे हा वाद उभा राहील. मुलाला मदतीला जरूर घ्यावे, त्याच्या श्रमाचा मोबदलाही ठरवून द्यावा, परंतु खाते, ईमेल व बँक मास्टरांचीच असावी. पासवर्ड घरातील विश्वासू माणसाला ठाऊक असावा. मास्टरांच्या पश्चात वारसांना निदान खात्याचा ठावठिकाणा तरी कळेल.

अ‍ॅमेझॉनच्या करविषयक प्रश्नावलीत आपला पॅन क्रमांक काळजीपूर्वक भरावा. अमेरिकेतील विक्रीच्या रॉयल्टीवर एरवी ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार लेखकासाठी तो १५ टक्के होतो. भारतातील प्राप्तिकर वेगळा, त्याचा सल्ला आपल्या हिशेबनीसाकडून घ्यावा.

५. माहिती भरा

पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, भाषा, वर्णन, विषयाचे वर्ग आणि शोधशब्द येथे भरावयाचे असतात. केडीपी सात शोधशब्दांची जागा देते. गिऱ्हाईक काय लिहून शोधील याचा विचार करावा. 'वस्त्रनिर्मितीशास्त्र' असे कोणी शोधत नाही. 'शेरवानी कटिंग', 'सलवार कुर्ता माप', 'टेलरिंग मराठी' असे शोधतात. वर्णनात पोकळ स्तुती नको. किती पोशाख शिकविले आहेत, आकृत्या किती आहेत, नवशिक्याला जमेल की नाही, एवढे सरळ सांगावे.

आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ आकडी क्रमांक केडीपीच्या ई-पुस्तकाला सक्तीचा नाही. अ‍ॅमेझॉन स्वतःचा क्रमांक देते. हवाच असेल तर भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी दलाल हजारो रुपये मागत असेल तर देऊ नयेत. मजकूर किंवा चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तयार केलेली असतील तर केडीपीला तसे कळवावे लागते. हा नियम सप्टेंबर २०२३ पासून आहे. तेथे खोटे सांगू नये.

६. किंमत आणि करार यांचा हिशेब

केडीपीवर रॉयल्टीचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. ७० चा आकडा पाहून घाई करू नये, त्याला अटी आहेत. किंमत ठरलेल्या मर्यादेत असावी लागते. छापील आवृत्ती असेल तर ई-पुस्तक तिच्यापेक्षा निदान २० टक्के स्वस्त असावे लागते. फाइलच्या आकारमानाप्रमाणे पोचवणी खर्चही वजा होतो. शिवाय भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' योजनेत घालावे लागते.

या योजनेत गेल्यावर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसऱ्या कोणत्याही ऑनलाइन दुकानात, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, ठेवता येत नाही. छापील प्रती मात्र कोठेही विकता येतात. ९० दिवस संपताच मुदत आपोआप वाढते, नको असेल तर ती खूण आधीच काढावी लागते. पुष्कळ जण एकीकडे ही अट मान्य करतात आणि दुसरीकडे गूगलवरही पुस्तक ठेवतात, किंवा त्याची फाइल गटागटांतून फुकट वाटतात. हा करारभंग आहे. त्याने खाते धोक्यात येते आणि व्यापाऱ्याची जबान हलकी होते.

आता आकडे पाहू. समजा, टायपिंगचे ४,००० रुपये, आकृत्यांचे ४,५००, मुद्रितशोधनाचे २,६०० व मुखपृष्ठाचे १,५०० असा एकूण १२,६०० रुपये खर्च आला आणि पुस्तकाची किंमत २०० रुपये ठेवली. कर बाजूला ठेवू. ३५ टक्के दराने प्रतीमागे ७० रुपये मिळतील व खर्च भरून निघण्यास १८० प्रती खपाव्या लागतील. ७० टक्के दराने, पोचवणी खर्च २० रुपये धरल्यास, उरलेल्या १८० रुपयांवर १२६ रुपये मिळतील व १०० प्रतींत खर्च निघेल. फोटो मोठ्या आकाराचे घातले तर पोचवणी खर्च वाढून हा फायदा घटतो. म्हणून फोटो मोजके, जरुरीपुरते घालावेत.

पैसे रोखीने हातात पडत नाहीत. विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी ते बँकेत जमा होतात. एप्रिलमधील विक्रीचे पैसे जूनअखेर येतात. तेव्हा या कामासाठी व्याजाने किंवा उसने पैसे काढू नयेत. दुकानाच्या रोजच्या कमाईतून थोडे थोडे बाजूला टाकून हा खर्च करावा.

७. प्रकाशित करण्यापूर्वी आणि नंतर

'प्रकाशित करा' हे बटण दाबण्यापूर्वी पूर्वावलोकनात पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, विशेषतः मोबाइलच्या आकारात. त्यानंतर तपासणीस ७२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. पुस्तक आल्यावर पहिली प्रत स्वतः विकत घेऊन पाहावी. चूक आढळली तर फाइल दुरुस्त करून पुन्हा चढविता येते, ही छापील पुस्तकात नसलेली मोठी सोय आहे.

दुकानात ठेवले म्हणून पुस्तक खपत नाही. लाखो पुस्तकांच्या गर्दीत ते कोणाला दिसणारही नाही. शिवणक्लास, कापडवाले, सुया-दोरे विकणारे, जुने शागीर्द यांना मास्टरांनी स्वतः कळवावे. दुकानात पाटी लावावी, बिलाच्या मागे पुस्तकाचे नाव छापावे. ज्यांनी वाचले त्यांना खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. नातेवाइकांकडून किंवा पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. दुकानदाराच्या नियमांतही ते बसत नाही आणि सचोटीतही बसत नाही.

एक इशारा शेवटी देणे आवश्यक आहे. 'तुमचे पुस्तक जगभर पोचवू' असे सांगून मोठी रक्कम मागणारे पुष्कळ निघाले आहेत. वर सांगितलेली कामे वेगवेगळ्या माणसांकडून, दर ठरवून करून घेता येतात. कोणाला एकत्र काम द्यायचेच झाले तर हक्क कोणाकडे राहणार, खाते कोणाच्या नावाचे आणि मूळ फाइल आपल्याला मिळणार की नाही, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर टाळणाऱ्याच्या दारात उभे राहू नये.

पुस्तकाने मास्टर श्रीमंत होतील असे नाही. शंभर प्रती खपल्या तरी छापखान्याचे देणे अंगावर राहणार नाही, आणि कोकणातल्या किंवा आखाती देशातल्या एखाद्या मुलाला मुंढा कसा बेतावा हे मास्टरांच्याच शब्दांत शिकता येईल. ज्यांच्याजवळ हुनर आहे त्यांनी आज एक वही घ्यावी आणि रोज दुकान बंद करण्यापूर्वी एक पान लिहावे. फाइल, खाते आणि किंमत यांचा विचार वही भरल्यानंतर करता येईल.