औषध बनते आपल्या देशात, मग कर्ज का होते आपल्या घरात?

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हां कारकुनांना माणसाचे दुखणे पासबुकातून समजते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला कोणी आले, की आम्हांला कारण विचारावे लागत नाही. हातातील औषधांच्या चिठ्ठीवरून ते कळते. एक आजारपण अनेक वर्षांची बचत पुसून टाकते. इतर विकसनशील देशांनी यावर काय उपाय केले, याचा थोडक्यात विचार करू.

प्रथम श्रीलंका पाहू. औषधशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सेनाका बिबिले यांच्या पुढाकाराने तेथे १९७१ साली सरकारी औषध महामंडळ स्थापन झाले. एकच औषध अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात. तेच मूळ नावाने, निविदा मागवून, एकत्र खरेदी केले तर किंमत किती उतरते, हे या महामंडळाने दाखवून दिले. सरकारी रुग्णालयांत उपचारही मोफत. परंतु हा देश बहुतेक औषधे बाहेरून आणतो. २०२२ साली परकीय चलन संपले, तेव्हा औषधांअभावी शस्त्रक्रियाही पुढे ढकलाव्या लागल्या.

बांगलादेशाने दुसरा मार्ग धरला. १९८२ च्या राष्ट्रीय औषध धोरणाने सुमारे १७०० निरुपयोगी वा अपायकारक औषधे बाजारातून काढण्याचे ठरविले आणि देशी उत्पादनाला बळ दिले. डॉ. झफरुल्ला चौधरी यांचा यात मोठा वाटा होता. आज तो देश आपल्या गरजेची जवळजवळ सर्व औषधे स्वतः बनवतो. मात्र तेथेही उपचाराचा बहुतांश खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो.

थायलंडने २००२ साली कायदा करून सर्व नागरिकांना उपचाराची हमी दिली. प्रारंभी एका भेटीचे शुल्क होते अवघे ३० बात. २००६ साली एड्सवरील इफाव्हिरेन्झ हे औषध परवडेना, तेव्हा सरकारने पेटंट असूनही सक्तीचा परवाना काढून ते स्वस्तात मिळविले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले. त्यामुळे निराळ्या पद्धतीने तेच औषध बनविणे शक्य झाले. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होती. १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही पेटंट मिळू लागले, तरी जगाला स्वस्त औषधे पुरविणारा देश ही आपली ओळख कायम आहे.

मग आपल्या घरात कर्ज का? आमच्या मते उत्तर या तुलनेतच आहे. औषध बनविणे, सरकारने ते एकत्र खरेदी करणे आणि गरजूच्या हाती विनामूल्य देणे, या तीन कड्या आहेत. श्रीलंकेची पहिली कडी कच्ची, बांगलादेशाची तिसरी. आपली पहिली कडी भक्कम. पुढच्या दोन मात्र राज्याराज्यांत कमीअधिक आहेत. तमिळनाडूने १९९५ पासून महामंडळामार्फत मूळ नावाने खरेदी करून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे पुरविली. म्हणजे हे आपल्या देशातही साधते.

तोवर आपण काय करावे? डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी दुकानात ते मिळते का पाहावे. मात्र डॉक्टरांना न विचारता औषध बदलू वा बंद करू नये. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध नसेल, तर मुकाट्याने बाहेरची चिठ्ठी घेऊन परतू नये. कोणते औषध नाही, किती दिवसांपासून नाही, हे लिहून ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे ठेवावे. एकट्याची तक्रार विरून जाते. वस्तीचे निवेदन दफ्तरी नोंदवावे लागते. ठेव मोडण्यापूर्वी एवढे तरी आपण करू या.