विजेची भावी गरज : अंदाज की निवड?

इ.स. 1902 मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोनखाणींना वीज मिळू लागली. 1905 मध्ये त्याच विजेने बेंगळुरूचे रस्ते उजळले. पुढे मागणी वाढत गेली आणि नियोजनाची एक रीत रूढ झाली : गेल्या वर्षांतील वाढीचा दर पुढे तसाच धरायचा व तेवढी वीजकेंद्रे उभारायची.

एक राज्य, दोन आराखडे

1987 मध्ये कर्नाटकाच्या दीर्घकालीन वीज नियोजन समितीने सन 2000 साठी सुमारे 4,750 कोटी युनिट वीज व 9,400 मेगावॅट क्षमता लागेल, असे अनुमान केले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र 1991 मध्ये वेगळा आराखडा मांडला. त्यानुसार सुमारे 1,790 कोटी युनिट व 4,000 मेगावॅट पुरेसे होते.

एवढा फरक कशामुळे? रेड्डी यांचा प्रारंभच निराळा होता. माणसाला वीज हवी असते ती उजेडासाठी, गरम पाण्यासाठी, शेतीच्या सिंचनासाठी. ही कामे कमी विजेत होतील काय, हा त्यांचा प्रश्न. साध्या बल्बऐवजी सीएफएल दिवे, विजेच्या गीझरऐवजी सौर जलतापक, कृषिपंपांना कमी घर्षणाचे फूटव्हॉल्व्ह, हे त्यांचे उपाय होते. यात गरिबांच्या वाट्याची काटछाट नव्हती. उलट सर्व घरांना वीज देणे गृहीत धरलेले होते.

हिशेबाची बाजू

कर्जप्रकरणाची छाननी करणाऱ्यास हा भेद सहज उमगेल. विक्रीचे अंदाज फुगवून उभारलेला कारखाना अर्ध्या क्षमतेने चालला, तरी व्याज व हप्ते थांबत नाहीत. वीजकेंद्राचेही तसेच; तो भार अखेर ग्राहकाच्या देयकात उतरतो. अंदाज तोकडा ठरला, तर भारनियमन ओढवते. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण किती लांब हवे, हे आधी नीट मोजावे लागते.

आजचे चित्र

आता पर्याय वाढले आहेत. तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथे सुमारे 13,000 एकर जमिनीवर 2,050 मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. 2070 पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने 2021 मध्ये जाहीर केले. परंतु सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. त्यातच वातानुकूलन, विद्युत वाहने व डेटा सेंटर यांची नवी मागणी येत आहे. साठवणुकीची सोय महाग असल्याने वाचविलेल्या युनिटाचे मोल, विशेषतः सायंकाळी, अधिकच आहे.

बँकांचा वाटा

काटकसरीच्या साधनांचा खर्च आरंभीच करावा लागतो. बचत मात्र अनेक वर्षे थोडी थोडी हाती येते. हे अंतर कर्जच भरून काढू शकते. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साहाय्याने कॅनरा व सिंडिकेट बँकांनी कर्नाटकात घरगुती सौरदिव्यांसाठी सवलतीची कर्जे दिली, ती याच विचाराने. 2024 पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील सौरसंचास कमाल 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान व सोबत बँककर्जाची सोय आहे.

देशाची ऊर्जेची भावी गरज केवळ मंत्रालयातील तक्त्यांवर ठरत नाही. ग्राहक कोणता पंखा, कोणता पंप घेतो आणि शाखा कोणत्या साधनास कर्ज मंजूर करते, यांवरही ती ठरते.